लिहाज करणाऱ्याला परतीची वाट हवी

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात विभागाचा सर्व्हर सांभाळत होतो. लिनक्सचं यंत्र एक आणि वापरणारे चाळीसेक. परीक्षांच्या निकालाचं काम आलं की मी सगळ्यांना सूचना पाठवायचो, ‘लांबलचक चालणारी कामं जरा मागे घ्या.’ बहुतेक जण ती वाचून सोडून देत. एका संशोधक विद्यार्थिनीने मात्र ती मनावर घेतली. तीन दिवसांपासून चालू असलेलं आपलं गणित तिने बंद केलं नाही. ‘रिनाइस’ ही आज्ञा देऊन त्याला रांगेच्या अगदी शेवटी नेऊन ठेवलं.

निकाल लागले. तिने आपलं काम पुन्हा मूळ जागी आणायला घेतलं, तेव्हा यंत्राने कळवलं, ‘परवानगी नाही’. रूटचा पासवर्ड माझ्याकडे आणि मी ईदसाठी गावी. तोवर ज्यांनी सूचनेकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्यांची कामं पुढे चालली होती आणि हिचं रखडलं होतं. मी परतल्यावर ती एवढंच म्हणाली, “सर, पुढच्या वेळी मी मागे सरणार नाही.” तिला काय उत्तर द्यावं, हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लिनक्समध्ये चालणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला एक ‘नाइस’ अंक असतो, उणे २० ते १९. सर्वसाधारण काम ० वर चालतं. अंक जितका मोठा, तितकं ते काम इतरांना वाट देणारं. आमच्या घरच्या बोलीत याला ‘लिहाज’ म्हणतात. काम सुरू करतानाच अंक ठरवायचा असेल तर ‘नाइस’ ही आज्ञा आहे. चालू कामाचा अंक बदलायला ‘रिनाइस’, जी १९८० च्या बर्कली युनिक्सपासून आहे. रिनाइस लिहायचं, पुढे नवा अंक आणि शेवटी प्रोसेसचा क्रमांक. ‘टॉप’ उघडलेलं असेल तर नुसती ‘आर’ कळ दाबूनही हे होतं.

अंकाचा परिणाम मोठा असतो. २००७ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या शेड्युलरच्या हिशेबाने, एकाच कोअरवर दोन भुकेली कामं असतील, एक ० वर आणि दुसरं ५ वर, तर पहिल्याला साधारण ७५ टक्के वेळ मिळतो आणि दुसऱ्याला २५. दुसरं १९ वर असेल तर त्याच्या वाट्याला जेमतेम दीड टक्का येतो. पण रांगेत दुसरं कोणी नसेल, तर १९ वाल्यालाही पूर्ण प्रोसेसर मिळतो. मागे सरण्याची किंमत गर्दी असेल तेव्हाच मोजावी लागते. म्हणून चालू काम सरळ मारून टाकण्यापेक्षा रिनाइस केव्हाही बरं.

आता मूळ मुद्दा. साधा वापरकर्ता आपल्या कामाचा अंक वाढवू शकतो, पण कमी करू शकत नाही. तो हक्क रूटचा. एकदा १९ वर गेलात की स्वतःच्याच ० वर परत येता येत नाही. या नियमामागचं कारण मला मान्य आहे. प्रत्येकाला पुढे सरकायची मुभा दिली तर सगळेच उणे २० वर जाऊन बसतील आणि रांग होती तिथेच राहील. पण शून्याच्या पुढे जाणं वेगळं आणि शून्यावर परतणं वेगळं. शून्य ही प्रत्येकाची हक्काची जागा आहे. तिथे परतणारा कोणाचंही काही हिरावून घेत नाही.

याला उपायही आहे. २००५ पासून लिनक्समध्ये अंकाची मर्यादा ठरवता येते. लिमिट्स फाइलमध्ये वापरकर्त्यांसाठी ‘नाइस’ची मर्यादा ० लिहिली की नव्या लॉगिनपासून प्रत्येकाला शून्यापर्यंत परतता येतं, त्याच्या पुढे नाही. काम एका ओळीचं आहे, पण ती ओळ आधी लिहून ठेवावी लागते. मी लिहिली नव्हती.

यावर माझ्या एका सहकाऱ्याचा आक्षेप होता, “मग आपण ज्याला मागे ढकललं, तोही परत येईल.” येईल, हे खरं आहे. आडमुठ्या माणसाला आवरायला रूटकडे दुसरे मार्ग आहेत. सीग्रुप लावून त्याचा वाटा बांधून देता येतो. पण एका आडमुठ्याच्या भीतीने समजूतदार माणसाची परतीची वाट बंद करणं मला पटत नाही.

प्रत्येक मंद सर्व्हरवर रिनाइस हे औषध नाही, हेही सांगायला हवं. अडचण डिस्कची असेल तर ‘आयोनाइस’ बघा. मेमरी संपली असेल तर दोन्ही निरुपयोगी. २०११ नंतरच्या कर्नेलवर ‘ऑटोग्रुप’ चालू असेल, तर नाइस अंकाचा प्रभाव एकाच सत्रातल्या कामांपुरता उरतो. आधी हे तपासा, मग सूचना पाठवा.

आमच्याकडे दावतीत पाहुणे वाढले की घरची पोरं दस्तरखानावरून उठून जागा देतात. त्यांना कोणी उठवत नाही, ती आपणहून उठतात. पुढच्या खेपेला आपल्याला बसायला मिळणार, याची त्यांना खात्री असते म्हणून. ही खात्री काढून घेतली तर दुसऱ्या दावतीत एकही पोर उठणार नाही आणि दोष मात्र आपण पोरांच्या तहजीबला देऊ.

त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या आठवड्यात ती एक ओळ लिहिली. तिच्यासाठी उशीर झाला होता. तुमच्या हाती कुठल्या सर्व्हरचं रूट असेल, तर तुम्ही ती आजच लिहा.