लायसन्स एजन्सीचं, भाकरी आपली

गेल्या महिन्यात शहापूर तालुक्यातल्या एका बुद्धविहारात बैठक होती. एक तरुण हळूच म्हणाला, "दादा, गोदामावरून घरी पाठवलं. एजन्सीचं लायसन्स संपलंय म्हणे." पडघ्याकडच्या त्या गोदामावर त्यानं वर्षभर बारा-बारा तास रात्रपाळी केली होती. लायसन्सची तारीख त्याला कुणी सांगितली नव्हती. त्यानंही कधी विचारली नव्हती.

आपण विचारत नाही, दुखणं इथंच आहे.

खाजगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५ नुसार लायसन्स रक्षकाला नाही, एजन्सीला मिळतं. त्याची मुदत ५ वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी करायचा असतो. म्हणजे हे संकट आभाळातून पडत नाही, त्याची तारीख पाच वर्षं आधीच छापलेली असते. विनालायसन्स धंदा केल्यास १ वर्षापर्यंत कैद, २५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खटला उभा राहीपर्यंत चूल कुणाची विझते? शहापूर-मुरबाडच्या पोराची.

काही कार्यकर्ते म्हणतील, ही मालकाची कागदपत्रं, चळवळीचा यात काय संबंध? मित्रांनो, वेसकर आठवा. आपल्या आज्या-पणज्यांनी गावाची वेस राखली. कामाला वेळ नाही, मोबदल्याची खात्री नाही, हक्काचा कागद नाही. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. आज वेशीच्या जागी गोदामाचं गेट आलं आणि अंगावर गणवेश आला. पण कागद मालकाच्याच कपाटात राहिला, तर बदललं काय?

कायद्यानं आपल्या हातात काही दिलंय, ते वापरू या. एजन्सीनं लायसन्स दर्शनी भागात लावायला हवं. जाऊन तारीख वाचा, मोबाईलवर फोटो काढा. रक्षकांची नावं, फोटो आणि पगार यांची नोंदवही ठेवणं एजन्सीला बंधनकारक आहे. फोटो ओळखपत्र मागून घ्या. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि चारित्र्य पडताळणीची प्रत स्वतःच्या घरी ठेवा, म्हणजे एजन्सी बुडाली तरी दुसऱ्या दारात रिकाम्या हातानं उभं राहावं लागणार नाही. आणि १९८१ च्या राज्य कायद्याखालचं सुरक्षा रक्षक मंडळ बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठीही आहे. आपली नोंदणी तिथं होऊ शकते का, हे विचारायला पाच-सात जणांनी मिळून जा.

एकट्यानं तारीख विचारली तर सुपरवायझर उद्यापासून येऊ नको म्हणेल, ही भीती खरी आहे. म्हणूनच हे काम संघटनेचं आहे. प्रत्येक विहारात एक वही ठेवा: रक्षकाचं नाव, एजन्सी, लायसन्सची शेवटची तारीख. तारखेच्या तीन महिने आधी पाच कार्यकर्त्यांच्या सह्यांचं पत्र एजन्सीला आणि गोदाममालकाला जाऊ द्या.

'शिका' म्हणजे फक्त पदवी नव्हे. ज्या कागदावर आपली भाकरी टिकते, तो कागद वाचणं हेही शिकणंच आहे.

जयभीम!