भोकं मोजू नका

एप्रिलच्या उन्हात सिंहगडाकडे सायकल हाणणाऱ्या मंडळींची हेल्मेटं निरखणं हा माझा सध्याचा उद्योग. दुकानात जो तो भोकं मोजतो, जणू चाळणीच घ्यायचीय! अहो, वारा आत शिरला तरी त्याला बाहेर पडायला वाट नको? हेल्मेट उलटं करून बघा: पुढच्या भोकांपासून मागच्यांपर्यंत फोममध्ये खोल पन्हळी हव्यात, कपाळपट्टीशी थोडी फट हवी. वजनाचं वेड तर त्याहून भारी. 250 आणि 300 ग्रॅममधला फरक खिशाला कळतो, मानेला नाही. पोटाचं वजन मात्र कुणी काढत नाही. असो. चढावर वेग मंदावला की महागातल्या हेल्मेटातही वारा खेळत नाही, हे खरं; पण म्हणून ते काढून ठेवायचं नसतं. 2003 मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत पडून सायकलपटू आंद्रेई किव्हिलेव्ह गेला, तेव्हा कुठे व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं. तरी सुरुवातीला शेवटच्या मोठ्या चढावर ते काढायची मुभा होतीच. आपले घाटवीर हेल्मेट हँडलला लटकवून ती मुभा उतारावरही घेतात, हा शुद्ध गाढवपणा. आणि आतल्या गाद्या सुट्या निघणाऱ्याच घ्या. धुतल्या नाहीत तर मे महिन्यात हेल्मेटचा मुक्काम घरचे गॅलरीत हलवतात.