पेट्या, पडश्या आणि पाय

मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना ज्या पेट्या लटकावतात त्यांना इंग्रजीत 'पॅनियर' म्हणतात. ह्या पेट्यांवरून आमच्या घरात गेले चार महिने जो वाद चालला आहे त्याचा आरंभ शब्दापासूनच व्हावा, हे माझ्या धंद्याला धरूनच झाले. पॅनियर हा मुळातला लॅटिन शब्द. त्याचा अर्थ पावाची टोपली. लॅटिनमध्ये पावाला 'पानिस' म्हणत. त्याच 'पानिस'चे पोर्तुगीजांनी आपल्या परीने रूप केले, ते गोव्याच्या बंदरात उतरले आणि 'पाव' होऊन थेट आपल्या मिसळीच्या ताटलीत येऊन बसले. तेव्हा मोटारसायकलची पेटी आणि मिसळीचा पाव ही चुलत भावंडे होत. हा शोध मी जेवताना मोठ्या उत्साहाने जाहीर केला. आमची सौ. म्हणाली, "अहो, पण त्या पेटीत चार पाव तरी मावतात ना? मग झालं!"

वास्तविक आपल्याला लॅटिनपर्यंत जाण्याचेही कारण नाही. घोड्याच्या पाठीवर खुर्जी, बैलाच्या पाठीवर गोणी आणि पायी चालणाऱ्याच्या खांद्यावर पुढे एक मागे एक अशी दोन तोंडांची पडशी, हे सारे एकाच कल्पनेचे अवतार. ओझे दोन सारख्या भागांत वाटायचे आणि वाहणाऱ्याच्या अंगाशी होईल तेवढे लगटून ठेवायचे. पेटी ॲल्युमिनियमची असो की जर्मन असो, ह्या पलीकडचे शास्त्र तिच्यात फारसे नाही.

ह्या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी मोटारसायकल परिचयाची आहे. रॉयल एनफिल्डने २०१६ साली बाजारात आणलेली ४११ सीसीची ती हिमालयन. आता त्या इंजिनाची गाडी निघत नाही, पण माझी धावते आहे. येत्या जूनच्या अखेरीस तिच्यावरून आम्ही दोघे मनालीहून लेहला जाणार आहोत. मनाली ते लेह हा रस्ता सव्वाचारशे किलोमीटरच्या वर आहे, आणि वाटेतली तंगलंग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या आसपास. बरोबर गरम कपडे, पावसाळी कपडे, औषधे, हत्यारे, पंक्चरचे सामान आणि (हे सौ.चे कलम) घरचा खाऊ. हे सगळे ठेवायचे कशात, एवढाच प्रश्न होता. पण त्या 'एवढ्याच' प्रश्नाने माझ्या अभ्यासिकेत महिनाभर मर्ढेकरांना जागा उरली नाही.

दुकानदार पहिल्यांदा दाखवतो ती ॲल्युमिनियमची चौकोनी पेटी. दिसायला मोठी झोकदार! हिच्या लौकिकाला थोडा इतिहास आहे. १९८० साली बीएमडब्ल्यूने 'आर ८० जी/एस' ही गाडी काढली आणि डांबरी रस्त्यावर धावणारी, रस्ता संपला तरी न थांबणारी अशी एक नवी जात रूढ झाली. मग २००४ साली युअन मॅग्रेगर आणि चार्ली बूर्मन हे दोन नट अशाच गाड्यांवरून लंडनहून पूर्वेच्या वाटेने न्यूयॉर्कला गेले. त्या प्रवासाची मालिका जगभर पाहिली गेली, आणि तेव्हापासून दोन बाजूंना दोन चकचकीत पेट्या असल्याशिवाय गाडीला साहसाचा कुंकुमतिलक लागत नाही अशी समजूत झाली. त्या प्रवासात ओझ्यापायी गाडीची चौकट तुटून वाटेत वेल्डिंग करून घ्यावी लागली होती, तेवढा भाग मात्र प्रेक्षक सोयीस्करपणे विसरले.

ॲल्युमिनियमच्या पेटीचे गुण मी नाकारत नाही. तिला कुलूप लागते. पाऊस आत येत नाही. गाडी आडवी झाली आणि कोपरा चेपला, तर गावातला कोणताही लोहार तो हातोडीने ठोकून सरळ करून देईल. प्लॅस्टिकची पेटी हलकी खरी, पण तिला तडा गेला की गेला. झाकण वरून उघडणारी पेटी घ्यावी. बाजूने उघडणारीतले सामान ढाब्यासमोर धुळीत लोळण घेते. आतून रंग नसलेल्या पेटीत पांढरा सदरा नुसता ठेवू नये, कारण हादऱ्यांनी कापड घासून काळे पडते. त्यासाठी आत कापडी पिशवी हवी. हे सगळे मला पटले होते. पण एका पेटीचे रिकामे वजन साडेचार-पाच किलो भरते. दोन पेट्या आणि त्यांना धरणारा लोखंडी सांगाडा मिळून पंधरा किलो. म्हणजे पहिला पायमोजा आत पडण्यापूर्वीच गाडीवर एक लहान मूल बसले! आणि बहुतेक कारखानदार एका पेटीत दहा किलोंच्या वर घालू नका असे बजावतात. पंचेचाळीस लिटरची पेटी घेऊन तिच्यात दहाच किलो घालणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. रिकामा कोपरा दिसला की आमच्या मध्यमवर्गीय मनाला चैन पडत नाही. तिथे एक जादा स्वेटर जातो, मग लोणच्याची बरणी, मग 'असू द्या, लागेल' अशा सदरात मोडणाऱ्या सर्व वस्तू.

माझे मन फिरले ते मात्र वजनामुळे नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी स्पितीला गेला होता. ग्रांफू ते बातल हा तिथला रस्ता म्हणजे नदीच्या पात्रातले गोटे कोणीतरी ओळीने मांडून ठेवावेत तसा आहे. तो मला भेटायला आला तेव्हा त्याच्या काखेत कुबडी होती. मी विचारले, "पडलास?"

"पडलो नाही, सर. नुसता पाय टेकला."

काय झाले होते? गाडी गोट्यांवरून चालण्याच्या वेगाने जात होती. तोल जातोसा वाटला म्हणून त्याने स्वाभाविकपणे पाय खाली टाकला. पाय दोन दगडांत रुतून जागच्या जागी राहिला, गाडी आपल्या गतीने हातभर पुढे गेली, आणि पेटीची पुढची कड मागून पोटरीवर आली. दोनशे किलोंची गाडी, वर सामान, वर स्वार. हाड मोडायला ह्याहून जास्त काय लागते! हे सांगताना त्याने माझ्या टेबलावरची फूटपट्टी उभी धरली आणि तिच्यावर हलकेच डस्टर सरकवला. पेटी कोणत्या कंपनीची होती हे मी विचारले नाही. धातूची कड कोणाचीही असो, पोटरी आपलीच असते.

दुसरी बाजू अशी की गाडी पूर्ण आडवी झाली तर टणक पेटी तिला जमिनीपासून थोडी उचलून धरते आणि खाली पायाला जागा राहते. हे खरे आहे, आणि ज्यांचा प्रवास मुख्यतः डांबरावरून, महामार्गाने, लॉजपासून लॉजपर्यंत असतो त्यांना मी अजूनही पेटीच सुचवीन. पण लेहच्या वाटेवर वितळत्या बर्फाचे ओढे रस्त्यावरून वाहतात. दुपारी ते फुगतात, म्हणून सकाळीच ओलांडायचे असतात, आणि ओलांडताना पाय टेकावे लागतात. तिथे मला माझ्या पोटरीमागे कापड हवे होते.

सौ.चा आक्षेप तितकाच सबळ होता. "कापडी पिशवीला ब्लेड लावलं की संपलं. चहा प्यायला उतरलो की एकानं गाडीपाशी उभं राहायचं का?" ह्याचे उत्तर मी असे काढले की पैसे, कागदपत्रे आणि औषधे सीटपुढच्या टाकीवरच्या लहान पिशवीत ठेवायची आणि ती उतरताना खांद्याला लावायची. उरलेल्यात चोराच्या हाती माझे लोकरी पायजमेच लागतील. ह्यावर ती म्हणाली, "त्या चोराचं मला वाईट वाटेल," आणि तो मुद्दा संपला.

तेव्हा प्रत्येकी पंचवीस लिटरच्या दोन कापडी पिशव्या घेतल्या. त्यांचे तोंड गुंडाळून बंद होते आणि आत पाणी न शिरणारे वेगळे अस्तर आहे. दोन्हींचे मिळून वजन चार किलोंच्या आत. पण कापडी पिशवीला सांगाडा नको, ती नुसती सीटवरून टाकली की झाले, असे जे सांगतात त्यांचे ऐकू नये. हादऱ्यांनी ती आत ओढली जाते, आणि आत चाक असते. उजवीकडे धुराड्याची नळी असते. तिच्या आणि पिशवीच्या मध्ये पत्रा नसेल तर पिशवीला भोक पडायला एक घाट पुरतो. सुटलेला पट्टा साखळीत गुंतला तर काय होईल ते लिहायलाही नको. प्रत्येक पट्ट्याचे शेपूट दुमडून बांधावे.

आपल्याकडे ह्या कामासाठी बुलेटला 'लडाख कॅरिअर' नावाचा चौकोनी पिंजरा वर्षानुवर्षे लावतात. आमच्या मिस्त्रींनी तसलेच पण बेताचे काहीतरी आणले, आणि बसवायला घेताना पहिली गोष्ट काय केली, तर डाव्या बाजूचा साडीगार्ड काढून सौ.च्या हातात दिला. "हा आता लागत नाही, वहिनी."

वहिनींनी तो घेतला नाही. "मागच्या चाकाशेजारी मी बसणार आहे, का तुम्ही?"

मिस्त्री हसले; पण कायदा वहिनींच्या बाजूचा आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निदान अर्धे चाक झाकले पाहिजे असे स्पष्ट आहे. साडी नसली तरी ओढणी असते, पावसाळी कोटाचा बंद असतो. शहरात पेट्या लावलेल्या कितीतरी गाड्या ह्या गार्डाशिवाय हिंडतात आणि पेट्या उतरवल्यावरही तशाच हिंडतात, हे मला फार बेजबाबदारपणाचे वाटते. आमच्या सांगाड्याच्या आतून मिस्त्रींनी एक जाळीची पट्टी वेल्ड करून दिली. दोनशे रुपये आणि अर्धा तास, एवढाच खर्च.

बसवण्याची त्यांची रीत मात्र पाहण्यासारखी होती. सांगाडा तीन ठिकाणी धरतो: मागच्या पायटेकणीजवळ, सीटखाली शेपटाशी, आणि नंबरपाटीच्या खालून डाव्या-उजव्याला जोडणाऱ्या आडव्या दांडीला. ही आडवी दांडी वगळणाऱ्याकडून काम करून घेऊ नये. तिच्यावाचून दोन्ही बाजू खड्ड्यागणिक आत-बाहेर डुलतात आणि एक दिवस जोड उकलतो. मिस्त्रींनी सगळे बोल्ट आधी नुसते बोटांनी लावले, एकही आवळला नाही. सर्व भोके जुळल्यावर मग एकेक करून, आलटून पालटून आवळले. एखादे भोक जुळत नाही म्हणून दांडी हातोडीने वाकवून बसवली, तर तो ताण त्या बोल्टात कायमचा राहतो. आटे सुटू नयेत म्हणून प्रत्येकावर निळ्या औषधाचा एक थेंब. मग सौ.ला बसवून तिची टाच पिशवीला घासते का, मागचे दिवे झाकले जातात का, हे पाहिले.

भरणे ही ह्यापुढची पायरी. पुण्यात सकाळी मुळशीकडून येणारा दूधवाला पाहावा. मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना कॅन, आकड्यावर, चाकाच्या आसाजवळ, खाली. दूध घालताना तो एकदा ह्या कॅनमधून घेतो, एकदा त्या. तोल म्हणजे काय हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. मी घरच्या वजनकाट्यावर दोन्ही पिशव्या तोलल्या: डावी साडेसात, उजवी आठ. हत्यारे आणि जड वस्तू तळाशी, पुढच्या बाजूला, म्हणजे आमच्या दोघांच्या शरीराजवळ. सीटमागे उंचावर फक्त हलके, पावसाळी कपडे. मागच्या आसाच्या पलीकडे ठेवलेला प्रत्येक किलो पुढचे चाक उचलू पाहतो, आणि मग उताराच्या वळणावर हँडल हातात डळमळू लागते. मागची स्प्रिंग दोन खाचा आवळली, चाकांतली हवा दोघांच्या हिशेबाची केली आणि पुढचा दिवा खाली वळवला. कारण मागून गाडी बसली की दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. खाऊच्या पुड्यांतली हवा काढून मगच त्या बांधायच्या. तंगलंग लाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि कारखान्यात बंद केलेली चिवड्याची पिशवी तिथे उशीसारखी फुगते.

भाद्रपदात आम्ही ताम्हिणी घाट उतरून माणगावपर्यंत जाऊन आलो. पावसात, भरल्या पिशव्यांनिशी. पिशव्यांच्या आत पाणी गेले नाही. मुद्दाम नेलेल्या चकल्यांचे पीठ झाले, बेसनाचे आठ लाडू मिळून एकच लाडू झाला. शंकरपाळे मात्र जसेच्या तसे परत आले, तेव्हा लेहला तेच जातील. घरी आल्यावर पाना घेऊन सगळे बोल्ट पुन्हा पाहिले. बारांपैकी दोन पाव फेरा ढिले झाले होते, दोन्ही डाव्या पायटेकणीजवळचे. ते आवळले आणि पुढच्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाहायचे म्हणून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर सौ.ने खूण करून ठेवली आहे, दुधाच्या हिशेबाशेजारी.