कोरड्या दिवसाचीही नोंद हवी

वसई तालुक्यातील कळंबच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी शेतकऱ्याची नजर पश्चिमेकडे लागलेली असते. भाताची रोपे केव्हा टाकावीत, हा त्याच्यापुढील मोठा प्रश्न होय. पेरणी लवकर झाली आणि पावसाने ओढ दिली, तर बियाणे व मजुरी दोन्ही वाया जातात. या प्रश्नाचे उत्तर काही अंशी समुद्रावर शोधावे लागते. उपग्रहास वरून ढग दिसतात. परंतु समुद्राच्या पोटात किती उष्णता साठली आहे, हे समजण्यास तरंगती उपकरणे आणि संशोधन जहाजे यांचेच साहाय्य घ्यावे लागते.

जर्मनीत बांधलेले ‘सागर कन्या’ हे जहाज १९८३ साली भारताच्या सेवेत आले. २००२ व २००३ साली अरबी समुद्रात ‘आर्मेक्स’ नावाचा मान्सूनविषयक प्रयोग झाला, त्यात या जहाजाचा मोठा वाटा होता. पश्चिम किनाऱ्यावर अतिवृष्टी कशी होते, याचा शोध घेणे हा त्या प्रयोगाचा एक प्रमुख हेतू होता.

अशा जहाजावरील दिनक्रम कष्टाचा असतो. पावसाळी समुद्रात जहाज सतत डोलते. अन्न गोड लागत नाही, झोप धड मिळत नाही. तरीही पाळीपाळीने अहोरात्र काम चालते. हलक्या वायूने भरलेला फुगा उपकरणासह आकाशात सोडून निरनिराळ्या उंचीवरील तापमान, दमटपणा व वारा यांची माहिती मिळवितात. दोरखंडाला बांधलेले उपकरण पाण्यात सोडून खोलीगणिक उष्णता व खारटपणा मोजतात. ठरलेली वेळ सहसा चुकविली जात नाही. कारण मधली एक नोंद गळाली, तर आधीच्या व नंतरच्या नोंदींचा दुवा तुटतो.

२००२ च्या जुलैत मात्र देशात सरासरीच्या सुमारे निम्माच पाऊस पडला. अतिवृष्टी अभ्यासण्यास निघालेल्या शास्त्रज्ञांपुढे अवर्षण उभे ठाकले. म्हणून ते श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. पाऊस का थांबतो, हे जाणण्यासही मोजमापच लागते. कोरड्या दिवसांची नोंद नसेल, तर ओल्या दिवसांचा अर्थ लागत नाही.

हाच धडा गावाने घेण्याजोगा आहे. हवामानाचा अंदाज खोटा ठरला, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते आणि ती नेहमीच निराधार असते असे नाही. परंतु अंदाज बहुधा विस्तृत प्रदेशासाठी दिलेला असतो. कुलाब्यास मुसळधार पाऊस पडत असता कळंबच्या शेतात ऊन असू शकते. आपल्या शिवारात प्रत्यक्ष किती पाऊस पडला, हे गावकऱ्यांनी मोजले नाही, तर अंदाज किती चुकला, हे तरी कोण सांगणार?

याकरिता ग्रामपंचायत अधिकारी व सहाय्यक कृषी अधिकारी यांनी शेतकऱ्यांच्या सहकार्याने एक साधा पर्जन्यमापक उघड्या जागी बसवावा. जवळचे झाड अथवा भिंत जितकी उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजून वहीत आकडा लिहावा. पाऊस नसेल त्या दिवशी जागा रिकामी न सोडता शून्य लिहावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्यास सुमारे शंभर लिटर पाणी, हा हिशेब शेतकऱ्यांना समजावून द्यावा.

चार-पाच वर्षांची अशी वही गावात असली, म्हणजे पहिला पाऊस आणि पेरणीयोग्य पाऊस यांतील फरक आठवणीवर सोडावा लागणार नाही. डोलत्या जहाजावर जे काम नेमाने होते, ते स्थिर जमिनीवर अशक्य खासच नाही.