सहा इंचांची खोली

कोणी हॉस्टेल सोडून निघालं की दरवेळी तोच प्रश्न. गिफ्ट काय द्यायचं? उत्तरही ठरलेलं. फोटो छापलेला मग, नाहीतर फोटोफ्रेम. वर्गणी काढा, ऑनलाइन मागवा, मोकळे व्हा! माझं मत थोडं वेगळं आहे. (मी पडले कॉन्व्हेंटवाली, मराठी सांभाळून घ्या.)

गेल्या जुलैत रिझल्ट लागला आणि माझी रूम पार्टनर इयर डाउन झाली. घरच्यांनी ‘पुरे झालं’ म्हणून तिला जळगावला परत बोलावलं. आता तिला ‘ऑल द बेस्ट’ लिहिलेला मग कसा द्यायचा? म्हटलं, आपली रूमच छोटी करून देऊ.

असली कामं आपल्याला नवी नाहीत. दिवाळीत बिल्डिंगखाली किल्ला केलाय ना? दगड-विटा रचायच्या, वर गोणपाट, मातीचा लेप, अळीव पेरायचे. त्या किल्ल्यात मावळा दरवाजापेक्षा उंच आणि महाराज बुरुजापेक्षा मोठे! स्केल चुकलं म्हणून कोणी मार्क कापत नाही. ज्याच्यावर प्रेम जास्त, तो मोठा.

आणि हा नुसता पोरखेळ नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं. भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी १८७२ साली उघडलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथे जुन्या मुंबईतल्या लोकांच्या वीतभर मूर्ती आहेत. कोणाचं पागोटं कसं, कोणाच्या हातात काय, सगळं दिसतं. घडवणाऱ्याने आधी किती निरखून पाहिलं असेल!

मी मात्र इंजिनीअर. १:२४ स्केल घेतलं, म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. आमची बारा बाय दहाची रूम सहा बाय पाच इंचांत बसली. सनबोर्डच्या भिंती, आइस्क्रीमच्या काड्यांचे पलंग, जुन्या ओढणीच्या चादरी, टेबल लॅम्पला एक एलईडी आणि बटण सेल. खिडकीबाहेर पावसाळ्यातला पांडवकडा, कापसाचा.

खरी पंचाईत पुढे झाली. माझी बाजू मला पाठ होती. तिच्या बाजूला काय काय आहे, आठवेचना! दोन वर्षं आम्ही चार फुटांवर झोपत होतो. शेवटी ती मेसमध्ये गेली की मी टेप घेऊन मोजायचे. तेव्हा पहिल्यांदा दिसलं, तिच्या उशीजवळ भिंतीवर पेन्सिलच्या उभ्या रेघा होत्या. केटीच्या पेपरपर्यंतचे दिवस मोजलेले. रेघा मध्येच थांबल्या होत्या. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. रात्री मी तिला एवढंच म्हणायचे, “लाइट बंद कर ना.”

त्या रेघा मी मॉडेलमध्ये काढल्या नाहीत. तिच्या बाजूची खिडकी मात्र जरा मोठी केली. स्केल मोडलं. मोडू दे.

निघताना तिने ते डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाली, “अगं, माझी निळी बादलीपण आहे!” मग बराच वेळ दोघी गप्प.

तुम्ही म्हणाल, सबमिशनच्या धबडग्यात वेळ कुठे आहे? थ्रीडी प्रिंटर आहे की! जरूर वापरा. पण पलंगावर चादर कुठली आणि भिंतीवर काय लिहिलंय, ते प्रिंटर सांगणार नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं. हाताने केलेल्या वस्तूची खरी किंमत माझ्या मते हीच. तिच्यामुळे आपण समोरच्याकडे नीट बघतो. मला ते उशिरा सुचलं.

म्हणून यंदा मग मागवण्याआधी एक संध्याकाळ टेप घ्या आणि पार्टनरची बाजू मोजा. मॉडेल नाही झालं तरी चालेल. पण ती निघायच्या आठवड्यात नको, आजच मोजा.