दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

बालमानसशास्त्राची ओळख करून देणाऱ्या पाठ्यपुस्तकांत झाँ पियाजे (1896–1980) यांचा एक प्रयोग हमखास भेटतो. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या, दोन्हींत तेवढ्याच सोंगट्या आहेत हे मुलाकडून वदवून घ्यायचे. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ पसरायची आणि पुन्हा तेच विचारायचे. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा लांब ओळीत जास्त सोंगट्या असल्याचे सांगते. निष्कर्ष असा की, मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते ही जाण त्याला आलेली नाही. ते 'क्रियापूर्व अवस्थे'त आहे.

आम्ही भाषेचे अध्यापक. हा आमचा प्रांत नव्हे. पण या प्रयोगात सोंगट्यांबरोबर एक प्रश्नही आहे आणि तो दोनदा विचारला जातो, ही गोष्ट आम्हांला किरकोळ वाटत नाही. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी हलवले आणि लगेच तोच प्रश्न केला, तर उत्तरही बदलायला हवे असे मुलाने समजावे, यात तर्काचा अभाव कोठे आहे? हे तर संभाषणाचे उत्तम ज्ञान झाले! 1974 मध्ये सुसान रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी प्रश्न एकदाच, ओळ पसरल्यानंतर, विचारून पाहिला. सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. त्याच सुमारास जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी ओळ विसकटण्याचे काम एका खट्याळ खेळण्यातल्या अस्वलावर सोपवले. चार ते सहा वर्षांच्या 80 मुलांपैकी, प्रयोगकर्त्याने ओळ हलवली तेव्हा जेमतेम 13 मुलांनी बरोबर उत्तर दिले होते. अस्वलाने हलवली तेव्हा 50 जणांनी.

अर्थात अस्वलावरही आक्षेप आले. 1986 मध्ये मूर आणि फ्राय यांनी दाखवले की, अस्वलाने खरोखरच सोंगटी वाढवली वा काढली, तरी मुलांचे तिकडे लक्ष नसते; म्हणजे काही मुलांची बरोबर उत्तरे नुसत्या बेसावधपणाचीही असू शकतात. वाद मिटलेला नाही, आणि तो तसाच शिकवला जावा असे आमचे म्हणणे आहे. चुकीच्या उत्तरामागचा विचार शोधण्यापासून पियाजे यांच्या कामाची सुरुवात झाली. आपल्याकडे भावी शिक्षक मात्र त्यांच्या अवस्था वयाच्या कोष्टकासह पाठ करतात, आणि वर्गात गेल्यावर ते कोष्टक म्हणजे मुलाविषयीचा निकाल होतो.

'नक्की?' हा शब्द कोशात खात्रीचा आहे. आमच्या वर्गांत त्याचा अर्थ 'चुकलात' असा होतो. मागे एका तोंडी परीक्षेत एका विद्यार्थिनीने 'उत्प्रेक्षा' असे बरोबर उत्तर दिले. सवयीने आम्ही म्हणालो, 'नक्की?' ती क्षणभर आमच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, 'उपमा.' गुण आम्ही दुसऱ्या उत्तराचे दिले.