साडेआठचा पाऊस

माझी रूममेट जालन्याची. वडिलांची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग, लेक हिंजवडीत डेटा सायन्समध्ये. परवा रात्री एक वाजता बघते तर मॅडम लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलेल्या.

तिच्या प्रोजेक्टमध्ये महसूल मंडळांच्या पावसाचे आकडे येतात. तिच्याच मंडळात एका रात्री दहा ते दोन ८० मिलिमीटर कोसळला होता. स्क्रीनवर मात्र दोन दिवस दिसत होते, ४० आणि ४०. तुम्ही म्हणाल, बेरीज तर तीच ना? नाही हो! २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तरच अतिवृष्टी, आणि शेतकऱ्याच्या भरपाईचा हिशेब त्यावर. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. प्रोग्रामने तो मध्यरात्रीच कापला होता.

कधीपासून? कुणालाच पत्ता नाही. कारण लॉग, म्हणजे प्रोग्रामची डायरी. त्यात काय, तर ‘डेटा आला’, ‘झालं’, ‘इथपर्यंत ओके’. एक ओळ नुसती ‘अरे???’. गंमत म्हणजे बाबांच्या कालनिर्णयवर पेनाने लिहिलेलं होतं: रात्री १० ते २, विहीर काठोकाठ.

मग तिने टीमसाठी नियम लिहायला घेतले. वेळ लिहायची ती +०५:३० सकट, कारण सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर चालतो आणि साडेआठ तिथे तीन वाजतात. मंडळाचं नाव, किती ओळी आल्या, किती गाळल्या, दिवस कुठे कापला, हेही हवंच. आणि लेव्हल. पायथनमध्ये डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर, क्रिटिकल अशा पाच. तुम्ही काही सेट केलं नाही तर वॉर्निंगच्या खालचं दिसतच नाही. ‘पर्जन्यमापक बंद’ ही ओळ कुणीतरी इन्फोमध्ये टाकलेली आणि टेबलात शून्य भरलेलं! पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजलाच नाही, यात फरक आहे की नाही? यावर ती सगळ्यात जास्त चिडली.

‘एवढं लिहिलं तर फाइल फुगेल,’ टीममधला एक जण कुरकुरला. जुन्या फाइल ठराविक दिवसांनी आपोआप उडतील अशी सोय असते, हे त्यालाही माहीत होतं. आळस, दुसरं काय.

शुक्रवारी तिने सगळा जुना डेटा नव्याने चालवायला लावला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: दिवस ०८:३० ते ०८:३०. सकाळपर्यंत चालेल म्हणाली. मी चहा टाकला.